धुमाळ हवालदाराचं पोर

"दाई, घे हे पोर. रात्रभर लाथा मारल्यात ह्यानं."

धुमाळ हवालदारानं कोटाच्या आत हात घालून पोटाशी धरलेली बॅटरी बाहेर काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. विटेएवढी, हिरव्या रंगाची, त्याच्या अंगाच्या उबेनं अजून कोमट. तिच्या एका कोपऱ्याला पोचा होता आणि मधोमध काळा दोरा गुंडाळून गाठ मारलेली होती.

"हवालदार, ही सरकारी बॅटरी आहे," मी म्हणालो. "सरकारी मालाला दृष्ट लागत नाही."

"मालाला लागत नसंल. पोराला लागती."

नावं मी बदलली आहेत. माझंही बदललं असतं, पण ते ह्या गोष्टीत येतच नाही. त्या पोस्टवर मला सगळे दाई म्हणत.

पोस्ट उत्तरेकडच्या बर्फात होती. इतकी उंच की तिथे भात शिजायला नकार देई आणि काडेपेटी पेटायला अर्ज करावा लागे. पलटण आमची मराठी माणसांची. मी तिच्यातला सिग्नलवाला नाईक. माझ्याकडे पाठीवर न्यायचे दोन वायरलेस सेट, त्यांच्या बॅटऱ्या आणि त्या भरायला एक खोकणारा जनरेटर, एवढा संसार. थंडीत बॅटरी माणसासारखीच वागते. उघड्यावर ठेवली की गारठते आणि भरलेली असूनही काही देत नाही. म्हणून रिवाज असा पडला होता की रात्री प्रत्येकानं एक बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं आणि सकाळी ती माझ्याकडे आणून द्यायची. कोणीतरी कधीतरी त्यांना पोरं म्हटलं असणार. मग चार्जिंगला लावण्याला पाजणं म्हणू लागले. मग ओघानंच मी दाई झालो. सावंतवाडीकडचा शिपाई राऊळ रोज सकाळी गळा काढायचा, "गो दाई, माजां पोर थंड पडलां गो!" आणि त्याच्याहून थंड चेहऱ्यानं मी म्हणायचो, "पाळण्यात ठेव."

आमचे कॅप्टन कुरियन केरळचे. जवानांची भाषा शिकायची, हा पलटणीचा दंडक. आणि ते ती जवानांकडूनच शिकले. त्यामुळे त्यांचं मराठी थेट खटाव तालुक्यातलं होतं. 'आयला' हा शब्द ते इतक्या निरागसपणे वापरत की एकदा कर्नलसाहेबांच्या पुणेकर बाईसाहेबांना म्हणाले होते, "आयला, चहा लई झ्याक झालाय." तेच कॅप्टनसाहेब एकदा सेटवरून खालच्या तळाला हिशेब देताना घाईत सांगून बसले, "पोरं सगळी ठीक, एक मेलं." खाली अर्धा दिवस धावपळ झाली. शेवटी स्ट्रेचर घेऊन निघालेली माणसं अर्ध्या वाटेवरून परत बोलवावी लागली.

आता धुमाळ. हवालदार धुमाळ पाटणकडचा. रुंद छातीचा, दाढी न उगवणारा आणि तोंड न मिटणारा. सेटचं एक असतं, की ऐकायला बॅटरी थेंबथेंब लागते, पण बोलायचं बटण दाबलं की घागर पालथी होते. म्हणून गस्तीवर गेलेल्यानं थोडक्यात बोलायचं. धुमाळला "सगळं ठीक?" असं विचारलं की तो आधी बर्फ कसं आहे ते सांगे, मग वारा, मग राऊळच्या घोरण्यानं कपारीतले दगड कसे हलले ते, मग चहात साखर कमी पडल्याची तक्रार, आणि सरतेशेवटी "बाकी ठीक." त्या 'ठीक'पर्यंत पोहोचायला त्याला अर्धी बॅटरी लागे.

"हवालदार, तुमच्या बोलण्यावर जनरेटर चालवायचा," मी एकदा वैतागून म्हणालो.

"चालव की. पण मग पेट्रोल कुठं वतायचं त्ये इचारू नगंस."

त्या सकाळी त्याला गस्तीवर जायचं होतं. तो, नाईक जगदाळे आणि राऊळ. समोरच्या डोंगराच्या कुशीतून आडवं जायचं, पलीकडच्या खिंडीत कुणाची नवी पावलं उमटलीत का ते बघायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. वाटेत बर्फाचा एक लांबरुंद उतार आडवा लागायचा. त्याला आम्ही घसरगुंडी म्हणत असू. माणसं भीती वाटणाऱ्या वस्तूला लाडाचं नाव ठेवतात, त्यातलाच प्रकार. उतारापलीकडे एक कपार होती, तिच्यात तीन माणसं दाटीवाटीनं बसू शकत.

गस्तीबरोबर एक सेट आणि दोन बॅटऱ्या जायच्या. एक सेटमध्ये, एक कुणाच्या तरी पोटाशी. बॅटरी देण्याआधी मी मीटर लावत असे, पण मीटरवर माझा विश्वास नव्हता. मीटर म्हणजे लग्नघरचा पाहुणा, सगळं छानच आहे म्हणतो. म्हणून मी जीपच्या दिव्याचा एक बल्ब जवळ ठेवला होता. बॅटरीला तो जोडायचा आणि बघत बसायचं. बल्ब पांढरा राहिला तर बॅटरी खरी. लालसर होत गेला तर ती आतून बसलेली.

धुमाळच्या काळ्या दोऱ्यावालीला बल्ब लावला. पांढरा, मग पिवळा, मग निखाऱ्यासारखा लाल.

"ही जाणार नाही," मी म्हणालो.

"का? मीटर तर पुरं दावतंय."

"मीटरचं काय जातंय दाखवायला! बल्ब बघा. म्हातारी झालीय ती. ओझं टाकलं की बसते. तुम्ही ह्या दोन घेऊन जा."

"दाई, आरं, ह्या आख्ख्या मुक्कामात मी हिला पोटाशी घिऊन निजतोय. मला दगा दील व्हय?"

"दगा देत नाही, हवालदार. थकलीय."

त्यानं माझ्याकडे बघितलं, बॅटरीकडे बघितलं आणि तो गप्प बसला. धुमाळ गप्प बसला म्हणजे त्याला पटलं, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. खरं म्हणजे त्याच्या गप्प बसण्याचा अनुभव कोणालाच नव्हता.

मी दिलेल्या दोन बॅटऱ्या त्यानं घेतल्या, सुभेदार शेडग्यांना सलाम ठोकला, आणि तिघं निघाले. शेडगे धुमाळच्या शेजारच्याच गावचे, वयानं मोठे, बोलायला काटकसरी. त्यांनी फक्त "जपून" म्हटलं. बराच वेळ दोरीवर वाळत टाकल्यासारखे तीन ठिपके बर्फावर दिसत होते, मग घसरगुंडीपलीकडे गेले.

दुपारी मी बंकर आवरायला घेतला. धुमाळची स्लीपिंग बॅग गुंडाळून ठेवली होती. ती उचलली तर जड लागली. उघडून बघतो तर आत बॅटरी. मी सकाळी त्याला दिलेल्या दोन चांगल्यांपैकी एक. नीट निजवलेली, वरून त्याची जुनी कानटोपी घातलेली. आणि काळ्या दोऱ्यावाली पोस्टवर कुठेच नव्हती.

मी कॅप्टनसाहेबांकडे गेलो.

"आयला," ते म्हणाले. ह्या वेळी निरागसपणे नव्हे. "पण एक तर चांगली हाय ना त्याच्याकडं?"

"आहे साहेब. पण सेटमध्ये त्यानं आधी कुठली घातली असेल, ते सांगायला नको."

तेवढ्यात खालच्या तळाचा निरोप आला. मोठं बर्फ येतंय, अंदाजापेक्षा लवकर. बाहेर कोणी असेल तर आत्ताच्या आत्ता परत बोलवा.

मी बटण दाबून हाका मारू लागलो. गस्तीवाल्यांनी सेट सतत ऐकत ठेवायचा असतो. सगळे सेट एकाच फ्रिक्वेन्सीवर लावलेले, हाक गेली की उत्तर यायला हवं. आलं नाही. पुन्हा मारली, आलं नाही. कॅप्टनसाहेब माझ्या मागे उभे होते, सुभेदारसाहेब दाराशी. मी हाका मारत होतो, आणि घसरगुंडीच्या माथ्यावरून करडा पडदा खाली येत होता.

नंतर जगदाळेनं सांगितलं ते असं. काळ्या दोऱ्यावाली बॅटरी कधी बसली ते त्यांना कळलंच नाही. सेटवर कोणी बोलत नसलं की सेट गप्पच असतो. आणि मेलेला सेटही गप्पच असतो. दोन्हींच्या गप्प असण्यात कानाला फरक कळत नाही. हे तिघं खिंडीपर्यंत गेले, पावलं नाहीत हे बघितलं, आणि ते कळवायला धुमाळनं बटण दाबलं तेव्हा सेटचा जीव गेलेला. बॅटरी बदलेपर्यंत बर्फ सुरू झालं होतं.

अंधार पडायच्या बेताला धुमाळचा आवाज आला.

"दाई, ऐकतोयस न्हवं? आमी कपारीत हाय. तिघंबी बरं हाय. बर्फ म्हंजी काय सांगू तुला, कुणी वरनं पोतीच्या पोती उपडी करतंय बग. राऊळचं पाय जरा बधिर झाल्यात, पन जगदाळेनं चोळून..."

कॅप्टनसाहेबांनी माझ्या हातातून हँडसेट घेतला.

"धुमाळ, तोंड बंद!"

पलीकडे खर्रकन गप्प.

"तू बोलायचं न्हाय. आमी बोलू, तू ऐक. तुझ्याकडं आता एकच बॅटरी हाय, कळलं? ती पोटाशी ठेव. सकाळी आन सांजंला आमी बोलवू, तेवढ्यापुरती सेटात घाल. जबाब बटण दाबून द्यायचा, शब्दानं न्हाय. एकदा दाबलं की समजलं. दोनदा दाबलं की न्हाय. तीनदा दाबलं की पुन्हा सांगा. समजलं का?"

सेटमध्ये एकदा 'टक' झालं. बटण दाबलं की समोरच्याच्या कानात एवढंच येतं.

"आयला," मी नकळत म्हणालो, "धुमाळ आणि एका टकमध्ये."

कोणी हसलं नाही.

बर्फ दुसऱ्या दिवशीही पडतच राहिलं. घसरगुंडीवर नवं बर्फ साचत होतं आणि ते जुन्या बर्फावर घट्ट बसलेलं नव्हतं; ताटावर ताट ठेवावं तसं. दुसरी वाट नव्हती. पडणं थांबलं पाहिजे, मग एखाद्या पहाटे कडक थंडी पडली पाहिजे, आणि उतारावर ऊन यायच्या आत एकेकानं पार व्हायचं. बर्फ थांबेपर्यंत त्यांनी हलायचं नाही, आणि हलायचं कधी ते आम्ही सांगायचं. कारण उतार आमच्या पोस्टवरून पूर्ण दिसे, कपारीतून दिसत नसे. म्हणजे त्या तिघांचा जीव त्या एका बॅटरीत होता. बॅटरी संपली तर कपारीत बसून राहायचं की निघायचं, हे त्यांना कोण सांगणार?

त्या दिवशी सकाळी विचारलं, "राऊळचे पाय बरे आहेत?" टक, टक. नाही.

"चालू शकेल?" जरा वेळ गेला. टक.

दुपारी खालच्या तळानं आणखी एक निरोप दिला. रोजचे निरोप मी कोरडेपणानं घेत असे, पण हा ऐकता ऐकता माझ्या तोंडावर हसू आलं. मी धावत बंकरमध्ये गेलो.

"साहेब, धुमाळला मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत."

सुभेदार शेडग्यांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांना तसं करताना मी कधी बघितलं नव्हतं. कुरियनसाहेब उठून उभे राहिले, हसले, आणि हसता हसताच त्यांचा चेहरा बदलला.

"त्याला सांगायचं न्हाय," ते म्हणाले.

"साहेब?"

"आत्ता न्हाय. सांगितलं तर तो बोलंल."

"न्हाय बोलायचा," सुभेदार म्हणाले.

"सुभेदारसाहेब, तुमी त्याला ओळखता. साखर कमी पडली तरी पाव तास बोलतो. लेक झाली तर बॅटरी ठेवंल व्हय शिल्लक?"

"साहेब, बापाला लेक झाली आन त्ये आपल्याला ठावं, त्येला न्हाय. हे माज्याच्यानं गिळवत न्हाय."

"राऊळलाबी आई हाय. जगदाळेला दोन लेकरं हायत. बॅटरी तिघांची हाय, धुमाळ एकट्याची न्हाय."

सुभेदारांनी बुखारीचा, म्हणजे बंकरातल्या रॉकेलच्या शेगडीचा, जाळ वाढवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दाई, त्यानं त्या बॅटरीला दोरा का बांधला, ठावं हाय तुला?"

"गंमत म्हणून."

"गंमत न्हाय. त्येची दोन लेकरं पाळण्यातच गेली. थोरलं बारशाआधी, दुसरं जरा बसाया लागल्यावर. ह्या येळंला बायकोला दिवस ऱ्हायलं आन हा हितं वर आला. घरी काय हुतंय, काय कळायची सोय न्हाय. मला म्हनाला, शेडगेकाका, मी हितं ह्ये पोर जगीवतो, तितं त्ये जगंल. दोरा माज्यासमोरच बांधला त्यानं. मीच दिला कमरंचा काढून."

बाहेर बर्फ पडत होतं, त्याचा आवाज येत नाही. कॅप्टनसाहेब पाठमोरे झाले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं तेव्हा, पहिल्यांदाच, त्यांच्या मराठीत खटाव नव्हतं.

"उद्या सांगू. ते पार झाले की मी स्वतः सांगतो."

सांजेला त्यांनीच हाक मारली. "ठीक?" टक. एवढंच. हँडसेट खाली ठेवताना त्यांचा हात क्षणभर त्याच्यावरच राहिला.

तिसऱ्या दिवशी पहाटे आभाळ लख्ख झालं. अशी थंडी की श्वास मिशीवर गोठायचा. सुभेदार चार माणसं आणि दोर घेऊन घसरगुंडीच्या अलीकडच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. मी आणि कॅप्टनसाहेब पोस्टवर सेटपाशी. त्यांच्या डोळ्यांना दुर्बीण, माझ्या कानाला हँडसेट. ऊन समोरच्या शिखराच्या टोकावर आलं होतं. उतारावर उतरायला त्याला अजून अवकाश होता.

"धुमाळ, निघा. एका वेळी एकच. आधी राऊळ, मग जगदाळे. तू मागनं. समजलं?"

टक.

राऊळ निघाला. पाय ओढत, काठीवर भार टाकत. पांढऱ्या भिंतीवरून मुंगी चालावी तसा. मध्यावर आला तेव्हा थांबला. कुरियनसाहेब मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटू लागले. राऊळ पुन्हा हलला. सुभेदारांच्या माणसांनी त्याला दोरावर घेतला. मग जगदाळे. तो झपझप आला, जवळजवळ पळतच. दोघं पार झाले.

आता पलीकडे धुमाळ एकटा राहिला होता. जगदाळे दोरावर येऊन ते बाजूला होईपर्यंत त्याला थांबायचं होतं.

कॅप्टनसाहेबांनी दुर्बीण माझ्याकडे दिली आणि हँडसेट घेतला. घसा जरा खाकरला.

"धुमाळ. दोघं पार झाले. ऐक. तुझ्या घरून निरोप आहे. मुलगी झाली. आई आणि मुलगी, दोघी सुखरूप. आता बोल. पाहिजे तेवढं बोल. ओव्हर."

 आता पाटणची नदी फुटणार, साखरेपासून सुरुवात होणार, असं मला वाटलं. आम्ही दोघं वाट बघत राहिलो.

टक. टक. टक.

पुन्हा सांगा.

"मुलगी झाली, धुमाळ. मुलगी. दोघी सुखरूप आहेत. ओव्हर."

टक. टक. टक.

कुरियनसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "ऐकू येत नाही का त्याला?"

"येतंय साहेब. स्वच्छ येतंय."

हे मी सिग्नलवाला म्हणून सांगत होतो. आभाळ मोकळं होतं, मधे काही नव्हतं, आणि त्याच्या बटणाचा आवाज ठणठणीत येत होता. त्या बॅटरीत निदान एक वाक्य बोलण्याइतका जीव उरलेला होता. धुमाळला तेही ठाऊक असणार. इतके दिवस माझ्याकडून तेच ऐकत होता. बोलायला घागर लागते, ऐकायला थेंब.

"मग?" साहेबांनी विचारलं.

मी हँडसेटकडे बोट दाखवलं. साहेबांना कळलं. त्यांनी हँडसेट तोंडाजवळ नेला, आणि पुन्हा खटावात उतरले.

"आरं धुमाळा, लेक झाली तुला! लक्ष्मी आली घरात. लई ग्वाड हाय म्हनं. आई बरी हाय, लेक बरी हाय. रडती बी लई जोरात. बापाचं तोंड घिऊन आली आसंल!"

लेक रडते कशी, हे निरोपात नव्हतं. ते साहेबांनी पदरचं घातलं.

बराच वेळ काही नाही. मग:

टक.

दुर्बिणीतून मला दिसलं. तो उठला, सेट पाठीवर घेतला, कोटाच्या पुढच्या बाजूला हातानं एकदा चाचपलं, आणि निघाला.

ऊन अजून उतारावर आलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर पुष्कळांनी विचारलं. ऊन आलं नव्हतं, वेळ चुकली नव्हती, तो आधीच्या दोघांच्या पावलांवरच पाऊल टाकत होता. कदाचित दोघांच्या भारानं काही हललं असेल. मध्याच्या जरा पुढे आला तेव्हा त्याच्या वरच्या बाजूला बर्फावर एक बारीक रेघ उमटली. अगदी नखानं ओढावी तशी. मग सगळा उतार, जसाच्या तसा, न मोडता, खाली जाऊ लागला. आवाज आमच्यापर्यंत नंतर पोहोचला.

बर्फ वितळल्यावर, उन्हाळ्यात, तो आम्हाला सापडला. सुभेदार शेडग्यांनी स्वतः कोटाची बटणं काढली. आत पोटाशी बॅटरी होती. सेटातली नव्हे, ती सेटातच होती. ही काळ्या दोऱ्याची. कधीच मेलेली, निव्वळ वजन. सुभेदारांनी दोऱ्याची गाठ सोडली, दोरा खिशात टाकला आणि बॅटरी माझ्या हातात दिली.

"ही कुठली, कुनी नेली, काय बोलायचं न्हाय," ते म्हणाले.

अहवालात थंडीमुळे बॅटरी निकामी झाली, असं आलं. ते खोटं नव्हतं.

नोकरी संपवून मी विट्याला बॅटऱ्यांचं दुकान टाकलं. ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या. माणसाला जे येतं तेच तो करतो. जीपचा तो बल्ब अजून माझ्याकडे आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "मालक, मीटर लावा की," आणि मी बल्ब लावतो.

मागच्या वर्षी सुभेदार शेडगे गेले. त्यानंतर महिन्याभरानं एक तिशीपुढची बाई दुकानात आली. कडेवर लहान मूल, चेहरा रुंद. बसा म्हटलं तर बसली आणि लगेच बोलायला लागली. एस.टी. कशी लेट झाली, पोरगं वाटेत कसं ओकलं, चौकात कुणी कसा उलटाच रस्ता दाखवला. मी ऐकत राहिलो. माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही, पण मी तिला थांबवलं नाही.

"मी धुमाळांची," शेवटी ती म्हणाली. "शेडगेआज्यांच्या घरी तुमचा पत्ता मिळाला. काका, एकच विचारायचं होतं. वडिलांना कळलं होतं का? माझं?"

"का विचारतेस, बाळ?"

ती पोराच्या टोपीची नाडी बांधायला लागली. बांधलेलीच होती.

"घरात सगळे म्हणायचे, बाप गिळून आली. आजी तर मरेपर्यंत म्हणाली. आई म्हणायची, त्यांना कळलंच नसेल गं, कळायच्या आधीच गेले असतील. मला वाटायचं, कळलं असलं तर काय म्हणाले असतील. इतके बोलायचे म्हणतात, काहीतरी म्हणालेच असतील ना?"

तेव्हा मी तिला सांगितलं. कपार सांगितली, बटणाची खूण सांगितली, कुरियनसाहेब सांगितले. पोटाशी बॅटरी घेऊन झोपायचे, तिला पोर म्हणायचे आणि तुझ्यासाठी तिला काळा दोरा बांधला होता, तेही सांगितलं. फक्त ती बॅटरी त्या दिवशी पोस्टवर राहायला हवी होती, एवढं सांगितलं नाही. म्हणूनच इथे नावं बदललीत. शिवाय हे छापून येणार, आणि छापून आलेल्यावर आमच्या भागात कोणी विश्वास ठेवत नाही.

"म्हणजे काही बोललेच नाहीत?" तिनं विचारलं.

"बोलले की."

"काय?"

"पुन्हा सांगा म्हणाले. साहेबांनी पुन्हा सांगितलं. तरी म्हणाले, पुन्हा सांगा."

"ऐकू येत नव्हतं?"

"चांगलं ऐकू येत होतं."

 पोरगं कडेवरून वाकून काउंटरवरच्या वायरींना हात घालत होतं. तिनं त्याचा हात धरला नाही. बाहेर एक ट्रॅक्टरवाला बॅटरी उतरवून माझी वाट बघत उभा होता.

"काका," ती म्हणाली, "पुन्हा सांगा."

मी ट्रॅक्टरवाल्याला हातानं थांबायची खूण केली आणि पुन्हा सांगितलं.